जुन्या ध्वनियंत्रांची घरगुती दुरुस्ती : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आजोबांचा व्हॉल्व्हवर (काचेच्या निर्वात नळ्यांवर) चालणारा अ‍ॅम्प्लिफायर सुमारे तीस वर्षे पेटीत बंद होता. मला सोल्डरिंग चांगले येते. तो सरळ मेन्सला लावून पाहावा आणि घरघर ऐकू आली तरच कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) बदलावेत, असा माझा विचार आहे. काम करण्यापूर्वी स्क्रूड्रायव्हरने कपॅसिटरची दोन्ही टोके जोडली की धोका संपतो, असे मित्र सांगतो. हे योग्य आहे का?

उत्तर : यांपैकी कोणतीही गोष्ट कृपया करू नका. व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये साधारण 250 ते 450 व्होल्टचा डीसी दाब असतो आणि प्लग काढल्यानंतरही तो फिल्टर कपॅसिटरमध्ये (डीसी पुरवठा सपाट करणाऱ्या मोठ्या कपॅसिटरमध्ये) बराच काळ टिकू शकतो. 100 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर 400 व्होल्टला भरलेला असेल, तर त्यात 8 ज्यूल ऊर्जा असते. एका हातातून दुसऱ्या हातात जाताना ती छातीतून जाते, म्हणूनच जुने कारागीर एक हात खिशात ठेवून काम करतात. घरातला आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) इथे उपयोगी पडत नाही, कारण ट्रान्सफॉर्मरच्या दुसऱ्या बाजूच्या मंडलातला धक्का त्याला दिसतच नाही.

स्क्रूड्रायव्हरने टोके जोडली की ती सारी ऊर्जा क्षणात बाहेर पडते, ठिणगी उडते, टोक वितळते आणि कधी कपॅसिटरही निकामी होतो. त्याऐवजी 10 किलोओहम, 10 वॉटचा रेझिस्टर इन्सुलेटेड तारांनी कपॅसिटरच्या टोकांना जोडून ठेवा. वरच्या उदाहरणात पाच सेकंदांत दाब तीन व्होल्टच्या आत येतो. तरीही मल्टिमीटरने मोजल्याशिवाय हात लावू नका, आणि तो मीटर व त्याच्या तारा त्या दाबाला योग्य आहेत ना, हे आधी पाहा. काही कपॅसिटर रिकामे केल्यावरही थोडा दाब पुन्हा धरतात, म्हणून काम चालू असेपर्यंत रेझिस्टर जोडलेलाच राहू द्यावा.

आता सरळ मेन्सला लावण्याविषयी. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमधला अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचा पातळ थर वर्षानुवर्षे वापर नसल्याने क्षीण होतो. एकदम पूर्ण दाब दिला की गळती वाढते, कपॅसिटर तापतो आणि फुटू शकतो. घरघर ऐकू येण्याची वाट पाहण्याइतका वेळ तो देईलच असे नाही. त्याहून फसवे असतात ते दोन टप्प्यांना जोडणारे कागदी कपॅसिटर. ते थोडेसे गळू लागले तरी आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडवर (प्रवाह आवरणाऱ्या जाळीवर) धन दाब पोहोचतो, प्रवाह बेसुमार वाढून व्हॉल्व्हमधली प्लेट लाल होते आणि व्हॉल्व्हबरोबर आउटपुट ट्रान्सफॉर्मरही जळू शकतो. कपॅसिटर नवा आणता येतो, पण त्या जातीचा ट्रान्सफॉर्मर पुन्हा मिळणे फार कठीण, म्हणून माझ्या मते हे कागदी कपॅसिटर न तपासताच बदलावेत. बदलताना व्होल्टचे रेटिंग मूळपेक्षा कमी नको आणि इलेक्ट्रोलिटिकची धन-ऋण टोके दोनदा तपासा. रेक्टिफायर व्हॉल्व्ह (एसीचा डीसी करणारा) असेल तर त्याच्या लगतच्या कपॅसिटरची क्षमताही फार वाढवू नका, कारण मोठा कपॅसिटर त्या व्हॉल्व्हला न झेपणारा प्रवाह त्यातून खेचतो.

पहिल्यांदा चालू करताना मेन्सच्या तारेत तारेच्या फिलामेंटचा साधा बल्ब सिरीजमध्ये घाला. एलईडी चालणार नाही. यंत्रात शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण उजेडाने पेटून राहतो, नाही तर क्षणभर उजळून मंदावतो. हा बल्ब यंत्र वाचवतो, तुम्हाला धक्क्यापासून वाचवत नाही. लाउडस्पीकर किंवा योग्य वॉटचा रेझिस्टर आउटपुटला जोडल्याशिवाय मात्र अ‍ॅम्प्लिफायर चालवू नका.

प्रश्न : आमच्या जुन्या रेडिओत मेन्स ट्रान्सफॉर्मर नाही. नॉबचा स्क्रू हाताला लागला की झिणझिण्या येतात. प्लग उलटा लावला की त्या थांबतात. तसाच वापरू का?

उत्तर : नाही. अशा संचात धातूची चॅसी (ज्यावर सारे भाग बसवलेले असतात तो सांगाडा) मेन्सच्या एका तारेला थेट जोडलेली असते. प्लग उलटल्याने चॅसी न्यूट्रलवर गेली, पण दुसऱ्या सॉकेटची जोडणी वेगळी निघाली की ती पुन्हा फेजवर येईल. ज्या संचांत स्विच चॅसीच्या बाजूला बसवलेला असतो, त्यांत तर प्लग ‘बरोबर’ लावलेला असतानाही स्विच बंद केल्यावर व्हॉल्व्हच्या हीटरमार्गे चॅसीवर मेन्सचा दाब येतो. चॅसीला अर्थिंग जोडणे हा यावर उपाय नव्हे. त्याने थेट शॉर्ट होऊ शकतो. संच उघडून काम करताना एकास एक गुणोत्तराचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (संचाला मेन्सपासून वेगळा ठेवणारा) वापरा, आणि नॉबचे स्क्रू झाकलेले व मागचे आवरण शाबूत असल्याशिवाय रेडिओ घरात कोणाच्याही हाती देऊ नका.

प्रश्न : ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायरचे आउटपुट ट्रान्झिस्टर मी स्वतः बदलले. स्पीकर लगेच जोडावा का?

उत्तर : थोडे थांबा. आउटपुटला कपॅसिटर नसलेल्या रचनेत एक ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला, तर पुरवठ्याचा डीसी दाब थेट स्पीकरच्या कॉइलवर येतो आणि ती जळते. ट्रान्झिस्टरखालचा अभ्रकाचा वॉशर आणि उष्णतावाहक पेस्ट नीट बसली आहे ना, हे पाहा. सिरीज बल्ब घालून, स्पीकर न जोडता आउटपुटवरचा डीसी दाब मोजा. तो शून्याच्या जवळ, 50 मिलिव्होल्टच्या आत असावा. त्यानंतर बल्ब काढा, सर्व्हिस मॅन्युअलप्रमाणे बायस (आवाज नसताना ट्रान्झिस्टरमधून वाहणारा प्रवाह) लावा, अर्धा तास चालू ठेवून दोन्ही आकडे पुन्हा मोजा आणि ते स्थिर राहिले, तरच आधी एखादा जुना, खराब झाला तरी चालेल असा स्पीकर जोडा.