‘इनग्लोरियस बास्टर्ड्‌स’मध्ये नुसत्या गप्पाच आहेत, तरी पाहावा का?

तुम्ही लिहिलंय की नाझींवरच्या सुडाचा सिनेमा म्हणून क्वेंटिन टॅरंटिनोचा २००९चा ‘इनग्लोरियस बास्टर्ड्‌स’ लावला, पण पंधरा मिनिटं दोन माणसं टेबलाशी बसून दुधाबद्दल बोलत राहिली, म्हणून बंद केला. पुढे लढाई आहे का, आणि हे खरं घडलं का, असं विचारलंय.

लढाई सुरू झाली होती हो. तुम्ही उठलात तेव्हा ती संपत आली होती.

तो प्रसंग १९४१च्या फ्रान्समधला. दूधदुभत्यावर जगणाऱ्या शेतकऱ्याच्या घरी एसएस या नाझी दलाचा कर्नल लांडा येतो. लपलेल्या ज्यूंना हुडकून काढणं हे त्याचं काम. आधी तो सफाईदार फ्रेंच बोलतो, एक पेला दूध घटाघटा पितो, पोरींचं कौतुक करतो. मग म्हणतो, माझं फ्रेंच इथवरच, आता इंग्रजीत बोलू या का? पहिल्यांदा पाहताना मला वाटलं, अमेरिकन प्रेक्षकांची सोय केलीय. थोड्या वेळाने कॅमेरा जमिनीच्या फळ्यांखाली उतरतो. तिथे एक ज्यू कुटुंब तोंडावर हात दाबून पडलंय, आणि त्यांना इंग्रजी येत नाही. वर त्यांचा जीव घ्यायचं ठरतंय, आवाज कानावर पडतोय, अर्थ कळत नाहीये. शेवटी लांडा पुन्हा फ्रेंचवर येतो, दुधाबद्दल आभार मानतो, निरोप घेतो. हा निरोप घरधन्यासाठी नाही, खाली पडलेल्यांनी ऐकावा म्हणून आहे. तो बोलत असतानाच बंदूकधारी शिपाई आत येतात. त्या कुटुंबातली एकटी शोशाना जिवंत सुटते, आणि पुढचा सूड मुख्यतः तिचा आहे.

सोलापूरच्या आमच्या घरी आजी-आजोबांना पैशाअडक्याचं बोलायचं असलं की ते कानडीत शिरायचे. आम्ही पोरं तिथेच जेवत असायचो. सूर कळायचा, बाकी काही नाही. तेव्हा त्याचं काही वाटायचं नाही, पण समोरच्याला वगळायला भाषा किती पुरते हे मला तिथे कळलं होतं. या प्रसंगात तीच गोष्ट माणसं मारते, म्हणून तो पाहताना माझ्या पोटात अजून गोळा येतो. आणि म्हणूनच एक कळकळीची विनंती: हा सिनेमा मूळ आवाजात, सबटायटल्स लावूनच बघा. त्यात फ्रेंच, जर्मन, इंग्रजी आणि थोडं इटालियन आहे. सगळे एकाच भाषेत बोलायला लागले तर सिनेमाच उरत नाही. लांडाचं काम करणारा क्रिस्टोफ वाल्ट्झ मूळचा व्हिएन्नाचा. या भूमिकेसाठी त्याला कान चित्रपट महोत्सवाचं पारितोषिक मिळालं आणि ऑस्करही. दोन्ही शंभर टक्के योग्य होती.

पुढे तळघरातल्या दारूच्या गुत्त्यातला एक लांबलचक प्रसंग येतो. जर्मन अधिकाऱ्याचा वेश केलेला एक इंग्रज तीन पेले मागवताना तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका वर करतो. जर्मन माणूस अंगठ्यापासून मोजतो. आपण पेरांवर मोजतो, तशी ही त्यांची लहानपणापासूनची सवय. पुढचं सांगत नाही, फक्त त्या वेळी समोरच्या गेस्टापो (नाझी गुप्त पोलीस) मेजरच्या डोळ्यांकडे बघा.

नाझींना मारत फिरणारी ब्रॅड पिटची टोळी, जिच्यामुळे सिनेमाला नाव मिळालं, ती मला यातली सर्वांत कच्ची बाजू वाटते. मेलेल्यांच्या डोक्याची कातडी सोलणं, बॅटने डोकं फोडणं हे सगळं दाखवलंय, त्यामुळे घरात लहान मुलं असतील तर लावू नका. शोशानाकडे मात्र बंदुकांचा साठा नाही, पॅरिसमधलं एक थिएटर आहे आणि नायट्रेट फिल्मची रिळं आहेत. त्या काळची ही फिल्म भडकन पेट घ्यायची.

खरं घडलं का? नाही. टोळी कल्पनेतली, शेवटही. हिटलरने ३० एप्रिल १९४५ला बर्लिनच्या बंकरमध्ये स्वतःला संपवलं. पण याच्या जवळ जाणारी एक खरी गोष्ट आहे. जर्मनी आणि ऑस्ट्रियातून जीव वाचवून अमेरिकेत पोचलेल्या कितीतरी ज्यू तरुणांना अमेरिकी सैन्याने मेरीलँडच्या कॅम्प रिची इथे तयार केलं. त्यांना ‘रिची बॉइज’ म्हणतात. युरोपात परतल्यावर त्यांचं मोठं काम होतं पकडलेल्या जर्मन सैनिकांची चौकशी करणं, तीही त्यांच्याच भाषेत. ज्या भाषेतून हाकललं गेलं, तीच भाषा घेऊन ती मुलं टेबलापलीकडे बसली होती. सिनेमातल्या बॅटपेक्षा हे मला कितीतरी जास्त भिडतं.

तेव्हा पहिल्यापासून पुन्हा लावा, आणि दुधाचा पेला लक्षात ठेवा. तीन वर्षांनी पॅरिसच्या एका हॉटेलात, वेगळ्या नावाने राहणाऱ्या शोशानासमोर लांडा येऊन बसतो. स्वतःसाठी कॉफी आणि तिच्यासाठी दूध मागवतो. स्ट्रुडेल येतं, ती खायला जाते, तर म्हणतो थांबा, क्रीम येऊ दे. त्याने तिला ओळखलंय की नाही, हे सिनेमा शेवटपर्यंत सांगत नाही. खाऊन झाल्यावर तो सिगारेट त्या क्रीममध्येच विझवून निघून जातो. तोवर ती अगदी स्थिर बसलेली असते. तो नजरेआड झाला की तिचा रोखलेला श्वास सुटतो, आणि तिला रडू फुटतं.