संपूर्ण स्तन काढणे अधिक सुरक्षित असते का?

प्रश्न : माझे वय ५४ वर्षे आहे. माझ्या डाव्या स्तनात सुमारे दोन सेंटिमीटरची गाठ असून बायॉप्सीत ती कर्करोगाची असल्याचे निष्पन्न झाले. गाठ काढून स्तन राखता येईल, असे सर्जन सांगतात. घरच्यांचा मात्र संपूर्ण स्तन काढून टाकावा, असा आग्रह आहे. मी काय करावे? काखेतील ग्रंथीही काढाव्या लागतील का?

उत्तर : घरच्यांच्या आग्रहामागे आपल्याविषयीची काळजी आहे, परंतु ज्या समजुतीवर तो आधारलेला आहे, ती केव्हाच मागे पडली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकी सर्जन विल्यम हॉलस्टेड यांनी रूढ केलेल्या शस्त्रक्रियेत स्तनासोबत छातीचे स्नायू आणि काखेतील ग्रंथीही काढल्या जात, आणि जितके अधिक काढावे तितका रोग समूळ जातो, ही धारणा पुढे अनेक दशके टिकून राहिली. १९७० च्या दशकात इटलीत उंबेर्तो वेरोनेसी आणि अमेरिकेत बर्नार्ड फिशर या सर्जननी ती प्रत्यक्ष चाचण्यांमध्ये तपासली. दोन्ही चाचण्यांचे वीस वर्षांच्या पाठपुराव्याचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले : सुरुवातीच्या अवस्थेतील रोगात स्तन राखलेल्या आणि स्तन काढलेल्या स्त्रियांच्या आयुर्मानात फरक आढळला नाही.

यात एक अट आहे आणि तिच्याकडे दुर्लक्ष करू नये. स्तन राखल्यास बहुतेक रुग्णांना त्यानंतर रेडिएशन घ्यावे लागते. फिशर यांच्या चाचणीत रेडिएशन न घेतलेल्या सुमारे ३९ टक्के स्त्रियांच्या त्याच स्तनात वीस वर्षांत रोग परतला, तर घेतलेल्यांमध्ये हे प्रमाण सुमारे १४ टक्के होते. आजच्या औषधोपचारांमुळे ते आणखी खाली आले आहे. शिवाय काढलेल्या भागाच्या कडेपर्यंत कर्करोगाच्या पेशी पोहोचल्याचे तपासणीत दिसले, तर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते, आणि याची कल्पना आधीच असलेली बरी. उलट, संपूर्ण स्तन काढल्यानेही रोग परतण्याची शक्यता शून्य होत नाही, कारण छातीच्या त्वचेत किंवा व्रणाजवळ तो पुन्हा उद्भवू शकतो.

मॅस्टेक्टॉमी, म्हणजे संपूर्ण स्तन काढणे, हाच योग्य मार्ग ठरतो अशा परिस्थितीही आहेत : रोग स्तनात सर्वत्र पसरलेला असणे, स्तनाच्या मानाने गाठ फार मोठी असणे, पूर्वी त्याच भागाला रेडिएशन दिलेले असणे किंवा ते आता देता येण्याजोगे नसणे. गाठ मोठी असली तरी आधी केमोथेरपी देऊन ती लहान करता येते आणि मग काही वेळा स्तन राखणे शक्य होते. बीआरसीए जनुकातील दोष (हा आनुवंशिक असून त्याने स्तनाच्या कर्करोगाचा धोका बराच वाढतो) आढळलेल्या स्त्रियांचा विचार वेगळा असतो, म्हणून कुटुंबात हा रोग होऊन गेला असल्यास सर्जनना अवश्य सांगावे. स्तन काढावाच लागला, तर इम्प्लांट किंवा पोटाच्या अथवा पाठीच्या ऊतींपासून त्याची पुनर्रचना होऊ शकते; ती त्याच वेळी करायची की नंतर, हे पुढच्या उपचारांवर अवलंबून असते.

सर्व माहिती समजून घेतल्यावर आपण स्वतः मॅस्टेक्टॉमी निवडली, तर तो निर्णयही तितकाच आदरणीय आहे. मात्र तो इतरांच्या भीतीपोटी घेतलेला नसावा, असे मला मनापासून वाटते. विचार करायला किंवा दुसऱ्या तज्ज्ञांचे मत घ्यायला काही दिवस लागले, तर सहसा नुकसान होत नाही.

काखेविषयी : तपासणीत ग्रंथी वाढलेल्या आढळल्या नसतील, तर सरसकट सर्व ग्रंथी काढण्याची गरज नसते. निळे रंगद्रव्य किंवा किरणोत्सारी द्रव्य टोचून, गाठीकडून येणारा लसीका-द्रव (लिम्फ, म्हणजे ऊतींमधून ग्रंथींकडे वाहणारा पातळ द्रव) ज्या ग्रंथींत प्रथम पोहोचतो त्या मोजक्या ग्रंथी ओळखल्या जातात आणि त्यांचीच तपासणी होते. त्यामुळे हाताला कायमची सूज येण्याचा आणि खांदा आखडण्याचा धोका बराच कमी होतो. आपल्या बाबतीत ही पद्धत वापरता येईल का, हे सर्जनना शस्त्रक्रियेपूर्वीच विचारावे.