अडतीस मेटाबोलाइट आणि पहिला शोधनिबंध

प्रश्न : मी जीवरसायनशास्त्रात एम.एस्सी. करत असून मूत्रपिंडविकार जडलेले मधुमेही आणि निरोगी व्यक्ती यांच्या लघवीच्या नमुन्यांतील मेटाबोलाइटांची, म्हणजे चयापचयात तयार होणाऱ्या लहान रेणूंची, मास स्पेक्ट्रोमेट्रीने (रेणू वस्तुमानावरून ओळखण्याच्या तंत्राने) तुलना केली आहे. त्यांच्या सुमारे ६०० संकेतांपैकी ३८ संकेतांत लक्षणीय फरक आढळला. ‘मूत्रपिंडविकाराचे नवे जैवसूचक’ (आजार ओळखण्याच्या रासायनिक खुणा) म्हणून हा शोधनिबंध प्रसिद्ध करावा का? एक नियतकालिक शुल्क घेऊन आठवड्याभरात छापायला तयार आहे.
— एक विद्यार्थिनी, नांदेड

उत्तर : शोधनिबंध जरूर लिहावा, ‘नवे जैवसूचक’ हा दावा मात्र तूर्त करू नये. ६०० तुलनांना पाच टक्क्यांची कसोटी (फरक नसतानाही तो दिसण्याची शक्यता पाच टक्के) लावली, तर प्रत्यक्षात काहीच फरक नसतानाही सुमारे ३० संकेत निव्वळ योगायोगाने ‘लक्षणीय’ ठरतात. अनेक तुलनांतील असे योगायोग आटोक्यात ठेवणाऱ्या बेंजामिनी-हॉचबर्ग या सांख्यिकी पद्धतीने दुरुस्ती केल्यावर ३८ पैकी किती उरतात, हे आधी पाहावे.

त्याहून अवघड प्रश्न तुलनेचा आहे. आपल्या एका गटाला मधुमेह आणि मूत्रपिंडविकार दोन्ही आहेत, दुसऱ्याला दोन्ही नाहीत. मग फरक नेमका कशामुळे पडला, हे कसे ठरवणार? २०१३ साली कुमार शर्मा आणि सहकाऱ्यांनी मधुमेही मूत्रपिंडरुग्णांच्या लघवीत १३ मेटाबोलाइट घटल्याचे दाखवले, तेव्हा मूत्रपिंडे शाबूत असलेल्या मधुमेहींशीही तुलना केली होती आणि तीत १२ टिकले. असा तिसरा गट मिळवता आला तर निबंधाचे वजन निश्चित वाढेल.

आहाराकडेही लक्ष द्यावे. हिप्पुरेट हे द्रव्य फळे आणि चहा-कॉफीतील पॉलिफिनॉलपासून आतड्यातील जिवाणूंच्या साहाय्याने तयार होते, आणि पोटॅशियम वाढू नये म्हणून अनेक मूत्रपिंडरुग्णांना फळे कमी करायला सांगितलेले असते. तेव्हा लघवीत ते कमी दिसले, तर तो आजाराचा परिणाम की पथ्याचा, हे रुग्णाला न विचारता कळणार नाही. मेटफॉर्मिन हे मधुमेहावरील औषध तर लघवीत जसेच्या तसे उतरते. आपल्या यादीत ते शिरलेले नाही ना, हेही तपासावे. (असे घडल्यास परीक्षकाच्या नजरेतून ते सहसा सुटत नाही.)

शुल्क घेऊन आठवड्यात छापणाऱ्याला निबंध देऊ नये, कारण प्रामाणिक परीक्षणाला तेवढा वेळ पुरत नाही. शीर्षकात ‘प्राथमिक निरीक्षणे’ असे म्हणावे, मूळ विदा ‘मेटाबोलाइट्स’ (MetaboLights) या नावाच्या संग्रहासारख्या खुल्या संग्रहात ठेवावी आणि आपले मेटाबोलाइट क्रिएटिनिन व लघवीतील अल्ब्युमिन या मूत्रपिंडाच्या नेहमीच्या चाचण्यांपलीकडे काही नवे सांगतात का, याची आकडेमोड निबंधातच द्यावी. उत्तर नकारार्थी आले, तरी ते छापण्याजोगे आहे.