लेहला एकटी निघाली आहेस, तर

पहिले दोन दिवस कुठेही जाऊ नकोस. लेह सुमारे 3,500 मीटरवर आहे. विमानाने गेलीस तर साधा जिना चढतानाही धाप लागते. पाणी पीत राहा, झोप काढ. खारदुंग ला ही त्याहून उंच खिंड नंतर.

मग एका सकाळी लवकर उठून जामा मशिदीमागच्या गल्लीत जा. तिथे तंदूरवाले आहेत. भट्टीच्या आतल्या भिंतीला चिकटवलेल्या रोट्या लांब सळईने काढतात आणि आसपासच्या घरांतली माणसं त्या फडक्यात गुंडाळून नेतात. एक गरम रोटी घे, जोडीला लोणी-मीठ घातलेला गुरगुर चहा. पहिल्या घोटाला तो चहा वाटणारच नाही, पण सोडू नकोस. मुख्य बाजाराच्या कडेला बायका शेतातली पालेभाजी, सलगम, मोसमात जर्दाळू घेऊन बसतात. 'जुले' म्हण, म्हणजे नमस्कार, काहीतरी विकत घे, नुसते फोटो काढत सुटू नकोस. मला लेह खरं कळलं ते या बायकांशेजारी बसून, गोंपांमध्ये, म्हणजे बौद्ध मठांमध्ये, नव्हे.

पाणी जपून वापर. पाऊस नावालाच, सगळी भिस्त वितळणाऱ्या बर्फावर. कुणाच्या घरी राहिलीस तर कोरड्या संडासाला नाक मुरडू नकोस. वरून माती टाकायची, पुढे त्याचंच शेताला खत होतं. आणि सिम पोस्टपेड ने, आपल्याकडचं प्रीपेड तिथे चालत नाही.