पिस्टन धरला तर आधी क्लच दाबा: जुन्या गाड्यांवरून पडलेल्यांचे प्रश्न

गेली वीस वर्षं मी तालुक्याच्या गावात हाडांचा डॉक्टर आहे आणि वडिलांची राजदूत मोटारसायकल अजून चालवतो. कापूस वेचणी सुरू झाली की जुन्या गाड्यांवरून पडलेले पेशंटही वाढतात आणि त्यांचे प्रश्नही. यावेळी तेच घेतो.

प्रश्न: डॉक्टरसाहेब, आज्याची येझदी हाय आमची. मे महिन्यात यवतमाळहून येताना चालू गाडीचं मागचं चाक एकदम जाम झालं अन् मी घसरत गेलो. अर्ध्या तासानं किक मारली तं गाडी चालू! असं काहून झालं? (दारव्हा)

भाऊ, पिस्टन धरला. येझदी टू-स्ट्रोक आहे, तिच्या पिस्टनला पेट्रोलमध्ये मिसळलेलं ऑइलच मिळतं, दुसरं नाही. ऑइल कमी पडलं किंवा भर उन्हात गाडी ताणली, की पिस्टन तापून फुगतो आणि सिलिंडरला घट्ट धरतो. इंजिन थांबलं की चेनमुळे मागचं चाकही थांबतं. निवल्यावर पिस्टन आकसतो, म्हणून पुन्हा किक लागते. पण आत ओरखडे पडलेले असतात. सिलिंडर उघडून दाखवल्याशिवाय ती गाडी रस्त्यावर काढू नका.

मला हे नेरजवळ कळलं, तेही मेमध्येच. आधी इंजिनचा आवाज बोदा झाला, मग मागून कुणी गाडी ओढून धरल्यासारखं वाटलं. ते ओळखायला मला उशीर झाला आणि कोपराची कातडी रस्त्यावर राहिली. तेव्हापासून राजदूतवर माझी दोन बोटं कायम क्लचच्या लिव्हरवर असतात. चाक जाम होतंय असं वाटताच क्लच दाबायचा; चाक मोकळं होतं आणि गाडी सरळ बाजूला घेता येते. चिखलदऱ्याचा घाट उतरताना रेस पूर्ण बंद ठेवून गाडी सोडू नका. पेट्रोल थांबलं की ऑइलही थांबतं. मधूनमधून क्लच दाबून थोडी रेस द्या. आणि ऑइल मापाने टाका, अंदाजाने नाही.

प्रश्न: बाबांची जुनी बुलेट मी कधीमधी चालवतो, रोजची गाडी नवीन आहे. परवा कुत्रं आडवं आलं, मी ब्रेक दाबला तर गाडी उलट पुढेच गेली. ब्रेक तर नीट आहेत. (कारंजा)

तुमचा पाय ब्रेकवर नव्हताच. जुन्या बुलेटला, नव्या गाडीच्या उलट, गियर उजव्या पायाशी आणि मागचा ब्रेक डाव्या पायाशी. शिवाय पहिला गियर वर, बाकीचे खाली. म्हणजे घाबरून उजवा पाय दाबला की गाडी थांबायच्या ऐवजी वरचा गियर पडतो. हे माहीत असून भागत नाही, कारण त्या क्षणी डोकं नाही, सवय काम करते. बाजाराचं मैदान रिकामं असेल त्या दिवशी जा आणि वीस-तीस वेळा कचकन थांबायचा सराव करा. पुढचा ब्रेक दोन्ही गाड्यांना उजव्या हातातच असतो आणि थांबवण्याचं मोठं काम तोच करतो, त्याचीही सवय ठेवा. एकाच दिवशी दोन्ही गाड्या आलटून पालटून चालवू नका, एवढं मात्र ऐकाच.

प्रश्न: रात्री बिनलाईटच्या बैलगाड्या, ट्रॉल्या, वर रोही (नीलगायी). कसं वाचायचं? (पांढरकवडा)

वेग कमी करूनच. ताशी ६० ला गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते, आणि तुमचा हात ब्रेकवर जाईपर्यंत तो सेकंद संपलेला असतो. सहा व्होल्टच्या पिवळ्या उजेडात थांबायला लागतं तेवढं अंतर दिसतच नाही, त्यात जुने ड्रम ब्रेक. रोही आडवा आला तर सरळ रेषेत ब्रेक लावा, हँडल झटकू नका. एक गेला की मागे दुसरा असतोच.

प्रश्न: मित्र पडला तेव्हा लोकांनी त्याला उठवून बसवलं, पाणी पाजलं आणि दोघांच्या मधात बसवून मोटारसायकलवर नेलं. चुकलं का? (आर्णी)

लोक धावून आले हे मोलाचं, पण तिन्ही गोष्टी चुकल्या. मानेचं किंवा कण्याचं हाड मोडलेलं असेल, तर उठवून बसवण्यानेच माणूस कायमचा लुळा होऊ शकतो. माझ्याकडे असे पेशंट आले आहेत. अपघाताच्या जागी त्यांचे पाय हलत होते. पाणी पाजलं तर ते श्वासनलिकेत जाऊ शकतं आणि ऑपरेशनलाही अडचण होते.

आधी येणारी वाहनं थांबवा. गाडीची चावी आणि पेट्रोलचा कॉक बंद करा. आडव्या पडलेल्या जुन्या गाडीतून पेट्रोल गळतं. १०८ लावा, गाव आणि जवळची खूण सांगा. रक्त वाहत असेल तिथे स्वच्छ दुपट्टा घट्ट दाबून धरा आणि सारखा उचलून बघू नका. श्वास नीट चालू असेल तर हेल्मेट काढू नका. श्वास अडत असेल तरच काढा, तेही दोघांनी: एकाने मान आणि जबडा स्थिर धरायचा, दुसऱ्याने हळूहळू सरकवायचं.

पोलिसांच्या लफड्याची भीती ठेवू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४अ ने मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं आहे, नाव सांगायचीही सक्ती नाही. आणि २०२५ च्या केंद्राच्या योजनेत रस्ते अपघातातल्या जखमीला ठरवून दिलेल्या दवाखान्यांत पहिले सात दिवस दीड लाखापर्यंत रोख न भरता उपचार आहेत. दवाखान्यात गेल्यावर हे विचारा.

प्रश्न: पडलेलं हेल्मेट वरून चांगलं दिसतं, वापरू का? (अचलपूर)

नाही. आतलं थर्माकोल एकदाच दबतं, तेच तुमच्या डोक्याचा मार घेतं. नवीन घ्या, आयएसआय खूण बघूनच.

प्रश्न: आमचे हे परवा राजदूतवरून पडले. लागलं नाही म्हणतात, पण डोकं जड आहे, सकाळपासून दोन उलट्या झाल्या, सारखे झोपतात. (वणी)

ताई, तुमचा निरोप आला तसा मी लगेच फोन केला आणि त्याच दिवशी सीटी स्कॅन करायला सांगितलं. इथे उत्तर छापतोय ते बाकीच्यांसाठी. डोक्यातला रक्तस्राव कधी कधी हळू होतो, माणूस पहिल्या दिवशी जेवतो, बोलतो. वाढती डोकेदुखी, उलट्या, गुंगी, असंबद्ध बोलणं, एक बाहुली मोठी दिसणं, यातलं एकही दिसलं तर रात्र काढू नका. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील तर काही दिसत नसतानाही दाखवा. म्हाताऱ्या माणसांत तर हा त्रास दोन-तीन आठवड्यांनीही वर येतो, तेव्हा पडल्याची तारीख घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.