मरणावर लिहायला बसलास म्हणून

चि. बेटा,
अनेक आशीर्वाद.

तुझा आराखडा मिळाला. विषय मोठा घेतलास याबद्दल माझी तक्रार नाही. एम.ए.च्या वयात लहान विषय घेणारे पुढे आणखी लहान विषय घेतात. तक्रार दुसरी आहे. ज्ञानेश्वर, तुकाराम, कालिदास, बुद्ध, गरुडपुराण, शेतकरी आत्महत्या, सगळी प्रकरणं वेगवेगळ्या वाटांनी निघतात आणि 'मृत्यू अटळ आहे' या एकाच चौकात येऊन थांबतात. तेवढं सांगायला प्रबंध कशाला पाहिजे? ते तेरवीच्या पत्रिकेवर छापून येतं.

माझं म्हणणं एवढंच की मेलेला माणूस काही लिहीत नाही. मरणाबद्दल जे लिहिलं, गायलं, दगडावर कोरलं किंवा रजिस्टरात नोंदवलं, ते सगळं मागे राहिलेल्यांनी. त्यांना त्या मरणाकडून काहीतरी पाहिजे असतं. कुणाला धीर पाहिजे, कुणाला मान, कुणाला वारसाचा हक्क, कुणाला नुसतं रडायला निमित्त. मजकूर समोर आला की आधी विचार, हे कोण बोलतंय आणि त्याला काय पाहिजे?

कालिदासापासून बघ. 'मरणं प्रकृतिः शरीरिणाम्' हे रघुवंशातलं वचन तू कालिदासाचा मृत्युविचार म्हणून दिलंस. पण ते आहे कुणाच्या तोंडी? आठव्या सर्गात आपल्या विदर्भाची राजकन्या इंदुमती बागेत नवऱ्यासोबत असते, नारदाच्या वीणेवरची फुलांची माळ अंगावर पडते आणि ती मरते. अज राजा रडतो, आणि त्या रडण्याला कालिदास श्लोकामागून श्लोक देतो. वसिष्ठ यज्ञात अडकलेले, म्हणून ते शिष्याच्या हाती निरोप पाठवतात: देहधाऱ्याला मरण ही प्रकृती, जगणं हीच विकृती. अज 'बरं' म्हणतो आणि शिष्याला वाटेला लावतो. लगेच पुढे कालिदास सांगतो की शोकाने भरलेल्या त्या हृदयात जागाच मिळाली नाही, म्हणून तो उपदेश जणू गुरूकडेच परत गेला. मुलगा लहान म्हणून अज आठ वर्षं कशीबशी काढतो आणि मग देह सोडतो. म्हणजे तू जे वचन कवीचा निष्कर्ष म्हणून उचललंस, ते कवीने मुद्दाम निष्फळ करून दाखवलंय. आपल्या गावात पहिल्या दिवशी येणारा प्रत्येक जण 'आपल्या हाती काय आहे' म्हणतो आणि चहा घेऊन जातो. घरातल्या बाईवर त्याचा काय परिणाम होतो, हे कालिदासाला माहीत होतं.

तुकोबांचं तू याहून वाईट केलंस. 'आपुले मरण पाहिले म्यां डोळां । तो जाला सोहळा अनुपम्य' हा अभंग घेतलास आणि 'संतांना मृत्यूचे भय नव्हते' लिहून मोकळा झालास. अरे, त्याच गाथेत 'दुष्काळें आटिलें द्रव्यें नेला मान । स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली' आहे. 1630 च्या सुमाराचा तो दुष्काळ. तिथे सोहळा नाही, लाज आहे. घरातलं माणूस भुकेने गेलं, आपल्याला काही करता आलं नाही, ही कर्त्या पुरुषाची लाज. त्याच गाथेत बायको मेली, मूल मेलं, आई मेली आणि देवाने आपल्याला कसं मोकळं केलं हेही आहे, इतक्या कोरड्या शब्दांत की वाचताना अंगावर येतं. त्याला वैराग्य म्हणायचं की सोसवेना म्हणून आलेला कोरडेपणा, हे तुझं तू ठरव, पण ठरव. आणि तिसरं, 1650 चं वैकुंठगमन. ते वारकऱ्यांच्या श्रद्धेचं बोलणं आहे. एक मरण नवरा सांगतो, एक साधक सांगतो, एक संप्रदाय सांगतो. तिघांना एका परिच्छेदात कोंबलंस की तिघांचाही आवाज जातो.

ज्ञानेश्वरांच्या 1296 च्या समाधीबद्दल तर आपल्याकडे जे वाचतात ते नामदेवांच्या नावावरच्या अभंगांतून. त्या अभंगांत समाधी घेणारा शांत आहे. रडतात ते बाकीचे. निवृत्तिनाथ गुरू खरे, पण मोठे भाऊही आहेत, आणि त्यांच्या तोंडी जी उपमा आहे ती वावरातली: बांधलेल्या पेंढीचा आळा सुटला आणि गवत रानोमाळ पांगलं. आईबाप आधीच गेलेले, भावंडांनी एकमेकांना धरून ठेवलेलं, हे सगळं त्यात आलं. तत्त्वज्ञान सांगणारं प्रकरण लिहिताना हा भाऊ गाळू नकोस.

आता आपल्या अंगणातलं. महानुभावांचं रिद्धपूर तुझ्या गावापासून फार लांब नाही आणि तुझ्या आराखड्यात त्याचं नावही नाही, याचं मला नवल वाटलं. मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ म्हणजे लीळाचरित्र, आणि त्याच्या सुरुवातीच्या कथांतच एक मयत आहे. भडोचच्या प्रधानाचा मुलगा हरिपाळदेव मरतो, त्याला स्मशानात नेतात, आणि चांगदेव राऊळ आपला देह सोडून त्या देहात येतात. मेलेला उठून घरी जातो. तेच पुढे महानुभाव पंथाचे संस्थापक चक्रधर. आणि चक्रधरांचा शेवट? पंथाच्या श्रद्धेप्रमाणे ते उत्तरापंथे, म्हणजे उत्तरेकडे निघून गेले. 'वारले' असं महानुभाव म्हणत नाहीत. पण मागे राहिलेल्यांचं काय? त्यांचे शिष्य नागदेवाचार्य, म्हणजे भटोबास, चक्रधर स्वामींच्या आठवणी घोळत बसत, ते बघून म्हाइंभटांनी लीळा गोळा करायला घेतल्या, ज्याला जे आठवतं ते त्याच्याकडे जाऊन विचारलं. मला तर वाटतं, आपल्या भाषेचं गद्य दुखवट्यातून जन्मलं. हे माझं मत आहे, प्रबंधात तसंच टाकू नकोस, आधी ग्रंथ वाच.

धर्मश्रद्धेचं प्रकरण तू 'हिंदू', 'बौद्ध', 'आदिवासी' अशा कप्प्यांत पाडलंस. गावात कप्पे असे नसतात. एका गल्लीत दहा दिवस गरुडपुराण चालू असतं, वैतरणी कशी आहे, यमदूत कसे नेतात, कोणत्या दानाने काय सुटतं. दोन गल्ल्या सोडून ज्या घरी बुद्धवंदना होते, तिथे 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात घेतलेल्या बावीस प्रतिज्ञांमधली एक पाळली जाते: श्राद्ध करणार नाही, पिंडदान करणार नाही. मरणाच्या विधीवरच बोट ठेवणारी प्रतिज्ञा बाबासाहेबांनी का घातली असेल, याचा विचार कर. माणूस मेल्यावर घरचे सगळ्यात अगतिक असतात, आणि विधी सांगणाऱ्याची सत्ता तेव्हाच सगळ्यात जास्त चालते. किसा गोतमीची गोष्टही तिथेच ठेव. जिथे कुणी मेलं नाही अशा घरातून मूठभर मोहरी आण, एवढंच बुद्ध तिला सांगतात. उपदेश नंतर, आधी तिला दारोदार फिरू देतात. वसिष्ठांच्या निरोपाशेजारी ही गोष्ट ठेवून बघ, तुझं अर्धं प्रकरण तिथेच तयार होईल.

गाडगेबाबांचं नुसतं 'अंधश्रद्धा निर्मूलन' करून ठेवू नकोस. कीर्तन चालू असताना पोटचा मुलगा गेल्याचं कळलं आणि 'मेले ऐसे कोट्यानुकोटी, काय रडू एकासाठी' म्हणून त्यांनी कीर्तन पुढे चालू ठेवलं, असं सांगतात. लोक हे वैराग्याचं उदाहरण म्हणून सांगतात. मला त्यात त्या मुलाची आई आठवते. ती काय म्हणाली, ते कुणी सांगत नाही. तुकडोजी महाराजांनी ग्रामगीतेत अंत्यसंस्कारावर अख्खा अध्याय लिहिला, तो मात्र ओळीन् ओळ वाच. पंगतीच्या खर्चात घरं बुडतात हे ज्याने पाहिलंय त्याचं ते लिखाण आहे. गरुडपुराण मेलेल्याच्या प्रवासाचं बोलतं, महाराज मागे राहिलेल्यांच्या कर्जाचं.

चामोर्शीकडे कधी गेलास तर वैनगंगेच्या काठी मार्कंड्याला जा. यमाच्या पाशातून सुटलेल्या मार्कंडेयाचं नाव त्या देवळाला आहे आणि नदी तिथे उत्तरेकडे वळते. देऊळ बघायला जा म्हणतेय, निबंध लिहायला नाही. भामरागडकडचे माडिया लोक मेलेल्यांच्या नावाने दगड उभे करतात, तेही बघ. आणि पवनारला विनोबांनी नोव्हेंबर 1982 मध्ये अन्न आणि औषध नाकारून देह ठेवला, त्यावर तेव्हा घराघरांत वाद झाले. तुझ्या आजोबांना विचार, ते तावातावाने बोलतील.

इतिहासाबद्दल थोडं खडसावून सांगते. तू पानिपत घेतलंस, संभाजी महाराज घेतले. ते घेणारे पुष्कळ आहेत. नागपूरजवळ जुनापाणी, माहूरझरी, नायकुंड इथे दगडांची वर्तुळं आहेत, लोहयुगातली, ढोबळमानाने अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीची. आत मेलेल्यांबरोबर लोखंडी हत्यारं, मातीची भांडी, आणि काही ठिकाणी घोडा, तांब्याच्या साजासकट. जुनापाणीला अशी तीनशेच्या आसपास वर्तुळं. पोथी नाही, श्लोक नाही, नाव नाही. तरी कळतं की घोड्यासकट पुरण्याइतका हा माणूस कुणाला तरी मोठा वाटत होता. वर्तुळ सगळ्यांच्या वाट्याला आलं असेल का? गावातला वीरगळ, लढाईत मेलेल्याच्या आठवणीचा दगड, तोही असाच वाच. खाली लढाई, मध्ये अप्सरा नेतायत, वर शिवलिंगापुढे हात जोडलेले. शेजारच्या सतीच्या दगडावर फक्त बांगड्या भरलेला हात. वीराचं अख्खं शरीर, बाईचा एक हात. यावर दोन पानं लिहिलीस तरी मी खूश होईन.

आणि ज्यांना दगडही नाही, त्यांच्यासाठी कोतवाल बुक आहे. तहसीलच्या अभिलेख कक्षात जा. जातीच्या दाखल्यासाठी लोक त्याच्या नकला काढतात, पण कुणी ते वाचत नाही. गावोगावच्या जन्ममृत्यूच्या नोंदी, मेलेल्याचं नाव, जात, मरणाचं कारण. कारणाच्या रकान्यात 'ताप' इतक्या वेळा येतं की तू कंटाळशील. 1918 सालाशी थांब. त्या वर्षीच्या इन्फ्लुएंझात मध्य प्रांत आणि वऱ्हाड हा देशात सर्वांत जास्त होरपळलेल्या भागांपैकी एक होता. एकेका गावाची पानं भरलेली दिसतील, एकाच आडनावाची माणसं एकाखाली एक. कोतवालाने ना अटळ म्हटलंय ना सोहळा. त्याला फक्त रकाना भरायचा होता. त्या पानांसमोर तुकोबांचा दुष्काळाचा अभंग परत वाच.

शेतकरी आत्महत्यांचं प्रकरण तू शेवटी ठेवलंस, 'आजचे वास्तव' म्हणून. मला ते नाव पटत नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या चिलगव्हाणच्या एका कास्तकार कुटुंबाने जीव दिला, त्याला कितीतरी वर्षं झाली. तो दिवस 19 मार्च 1986 चा, आणि दरवर्षी त्या तारखेला लोक अन्नत्याग करतात. इथे मरण सांगण्याची भाषा सरकारी आहे: पात्र आणि अपात्र. सातबारा कुणाच्या नावावर, कर्ज कुठल्या बँकेचं, वसुलीचा तगादा होता का, यावर त्या मरणाचा अर्थ ठरतो आणि त्यावर लाखाची मदत. गरुडपुराणात चित्रगुप्त हिशोब मांडतो, इथे समिती. या विषयावरच्या कथाकवितांत मला सगळ्यात खटकतं ते हे की त्यात मरणारा दिसतो आणि दुसऱ्या वर्षी तेच वावर पेरणारी बाई दिसत नाही. तू मुलाखती घ्यायला जाशील तर कसं झालं हे विचारू नकोस, लिहूही नकोस. कर्जाचं विचार, लेकरांच्या शाळेचं विचार, बियाणं कुठून आणलं ते विचार. आणि ऐकून तुझंच मन जड झालं तर एकट्याने खोलीवर बसून राहू नकोस, मला फोन कर, कितीही वाजले असले तरी.

एक गोष्ट तुला पुरुष म्हणून दिसलीच नसणार. तू मातीला गेलास, खांदा दिलास, घाटावर भाषणं ऐकलीस. मागे घरात काय होतं? तिरडी उठली की बाया घर झाडतात, धुतात. जिथे जीव गेला तिथे दिवा लावतात, पीठ पसरून टोपली झाकतात आणि सकाळी बघतात, कोणतं पाऊल उमटलं. पाखराचं म्हणतात, मुंगीचं म्हणतात, कुणाला लेकराचं दिसतं. दिसलं की एक जण तरी म्हणते, 'माय वं, लवकर आली परत.' शेजारून पिठलं-भाकर येते. आणि त्या हेल काढून रडताना जे बोलतात, ते मी लहानपणापासून ऐकत आलेय: मेलेल्याच्या सवयी, राहिलेली देणी, सुनेला एखादा टोमणाही. जात्यावरच्या ओव्यांत अहेव मरण मागणाऱ्या बाया भेटतात, नवऱ्याआधी, कपाळाला कुंकू असताना जावं म्हणणाऱ्या. तुला ते भाबडं वाटेल. विधवेचे हाल डोळ्यांनी बघितलेल्या बाईचा तो चोख हिशोब आहे. घाटावरच्या भाषणांचं रेकॉर्डिंग तू केलंस म्हणतोस. आईला विचारून या आतल्या बोलण्याची वही कर, पण रडत्या घरात मोबाईल काढू नकोस. महिना-दोन महिने गेल्यावर बस त्यांच्यात.

सुरेश भटांच्या सरणावरच्या गझलेवर तू सहा पानं लिहिलीस. गझल मलाही आवडते, पण व्हॉट्सअॅपवर प्रत्येक श्रद्धांजलीत ती येते म्हणून तिला एवढी जागा नको. दोन पानांत आटप.

आता कामाचं. सहा प्रकरणांची तीन कर. बोलणारा कोण, यावरून मांड: मागे राहिलेले, धर्म सांगणारे, नोंद ठेवणारे. निष्कर्षाचं प्रकरण आत्ता लिहूच नकोस. कोतवाल बुकाची जुनी पानं मोडीत निघाली तर अडशील, तेव्हा मोडी आत्तापासून गिरवायला घे. माझ्याकडे जुना कित्ता आहे, घेऊन जा. आणि अभंग मोबाईलवरून उचललेले दिसतात, दोन ठिकाणी चरणच बदललेत. शासकीय गाथेतून पाठ घे, अभंग क्रमांकासकट. तुकोबांचं प्रकरण नव्याने लिहिलंस की आधी तेवढंच पाठव.

आईला नमस्कार सांग.

तुझी,
मॅडम