वाचकांचे प्रश्न : नोंदीत नसलेले कारण बातमीत आले

प्रश्न : मी यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याचा वार्ताहर आहे. दिवसभराच्या नोंदी कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाला दिल्या की पाच मिनिटांत बातमी तयार होते. परवा मात्र एका शेतकऱ्याच्या आत्महत्येच्या बातमीत ‘सततची नापिकी व कर्जबाजारीपणाला कंटाळून’ हे शब्द आले, जे माझ्या नोंदीत नव्हतेच. छापण्यापूर्वी मी ते काढले. हे साधन सोडून द्यावे का?

उत्तर : ते शब्द आपल्या नजरेतून सुटले नाहीत, याचे मला फार समाधान वाटते. अशी साधने प्रचंड मजकुरावरून शिकतात आणि एका शब्दानंतर बहुधा कोणता शब्द येईल, या अंदाजावर वाक्य रचतात. विदर्भातील आत्महत्यांच्या बातम्यांत हीच शब्दावली आपण पत्रकारांनी वर्षानुवर्षे छापली, तीच त्याने परत दिली असावी. परंतु कर्ज बँकेचे होते की सावकाराचे, सातबारा कोणाच्या नावावर होता, हे विचारल्याशिवाय कारण लिहिता येत नाही. मदतीसाठी प्रकरण पात्र की अपात्र, हे ठरवताना जिल्हास्तरीय समितीपुढे याच बाबी येतात आणि अशा वेळी चुकीचे छापलेले कारण त्या घराला जड जाऊ शकते.

२०१७ चा खरीप आठवा. आपल्याच जिल्ह्यात पऱ्हाटीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. ‘विष प्राशन केले’ हे सरावाचे वाक्य आणि ‘फवारताना विष अंगात भिनले’ ही घडलेली गोष्ट, यांतील अंतर रुग्णालयात जाऊन नातेवाइकांशी बोलणाऱ्यालाच कळते.

साधन सोडण्याची गरज मला वाटत नाही. इंग्रजी प्रसिद्धिपत्रक समजून घेणे, लांबलेला मजकूर आटोपशीर करणे, शुद्धलेखन पाहणे यांसाठी ते अवश्य वापरा. मात्र तयार मजकुरातील प्रत्येक नाव, आकडा आणि कारण वहीशी ताडून पाहा, आणि जे वहीत नाही ते खोडा. शेतकऱ्याचे वऱ्हाडी बोलणे साधन प्रमाण मराठीत बदलून टाकत असेल, तर अवतरणात त्याचेच शब्द पुन्हा घाला. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणातील पीडितेची ओळख उघड करण्यास कायद्याने मनाई आहे. तेव्हा तिचे नाव वा गाव अशा साधनात मुळीच भरू नका.

आणि हे साधन आपण वापरता, हे संपादकांना आजच सांगा.